कोंडा, इसब, नागीण: त्वचेचा आजार डोळ्यापर्यंत पोचतो तेव्हा काय करायचं

डोळे चुरचुरतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, वर्षातून दोन-तीनदा रांजणवाडी होते. मेडिकलमधून ड्रॉप आणले जातात, चार दिवस बरं वाटतं, आठवड्याने पुन्हा तेच. चष्म्याचा नंबर तपासून होतो, मोबाइलला दोष देऊन होतो. दुखण्याचं मूळ मात्र डोक्यातल्या कोंड्यात, कोपराच्या खोबणीतल्या इसबात किंवा नवीन आणलेल्या हेअर डायमध्ये असतं, आणि तिकडे कुणी बघितलेलंच नसतं.

पापणी ही शेवटी त्वचाच आहे. एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, अंगावरची सर्वांत नाजूक त्वचा. तिच्या काठावर केसांची मुळं आहेत आणि वरच्या-खालच्या पापणीत मिळून पन्नासेक तैलग्रंथी आहेत. त्यातून येणारा तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरतो, म्हणून डोळा चटकन कोरडा पडत नाही. त्वचेचा आजार या काठापर्यंत आला की डोळा बिघडणारच. अडचण अशी की त्वचेचे डॉक्टर वेगळे, डोळ्याचे वेगळे. एकाकडे आपण कोंड्याबद्दल बोलत नाही, दुसऱ्याकडे डोळ्याबद्दल. दोन्ही तक्रारी एका कागदावर आणणं हे काम रुग्णालाच करावं लागतं. ते कसं करायचं, ते पुढे.

सगळ्यात आधी: कधी थांबायचं नाही

खालीलपैकी काहीही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर गाठा.

- नजर कमी झाली किंवा धुरकट दिसायला लागलं
- डोळ्यात खोलवर दुखतंय, उजेड सहन होत नाही
- कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर एकाच बाजूला पाण्याचे फोड आले
- पापणी सुजून डोळा उघडत नाही, सोबत ताप आहे किंवा डोळा हलवताना दुखतो
- बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो
- डोळा पूर्ण मिटत नाही

आणि एक वेगळीच परिस्थिती, जिथे थेट मोठ्या रुग्णालयात जायचं: नवीन औषध सुरू केल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड आणि अंगावर दुखणारे लाल-जांभळे चट्टे. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल आणि सल्फा गटातली औषधं यांच्यामुळे तो होतो. वेदनाशामक गोळ्यांमुळेही होतो. अंगावरची त्वचा भरून येते, पण पहिल्या आठवड्यात डोळ्यांकडे दुर्लक्ष झालं तर पापणी आतून डोळ्याला चिकटते आणि नजर कायमची अधू होते. म्हणून भरती झाल्यावर नातेवाइकांनी स्वतःहून विचारायचं, ‘डोळ्याचे डॉक्टर कधी बघून जातील?’

आरशासमोर पाच मिनिटं

वरचं काही नसेल तर दिवसाउजेडी खिडकीपाशी उभं राहा. भिंग असलेला दाढीचा आरसा मिळाला तर उत्तम. हात धुवा आणि खालची पापणी बोटाने हलकेच ओढा.

केसांच्या मुळाशी बघा. तेलकट, पिवळसर पापुद्रे केसांना चिकटलेले असतील तर कोंड्याच्या जातीची सूज. मुळाशी प्रत्येक केसाभोवती पारदर्शक, मेणचट बांगडी घातल्यासारखी दिसत असेल, तर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे. ते थोड्याफार प्रमाणात बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर असतातच. संख्या वाढली की खाज सुटते, विशेषतः सकाळी. लहान मुलाच्या पापणीच्या केसांवर घट्ट चिकटलेले बारीक दाणे दिसले तर त्या लिखा असू शकतात. त्या उपटायला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

मग नजर बाकीच्या अंगावर फिरवा: भुवया, नाकाच्या कडेच्या घड्या, कानामागे, टाळू, कोपराच्या नि गुडघ्यामागच्या खोबणी, नखं. पापणीवर निदान होत नाही ते पुष्कळदा कानामागे होतं.

कोंडा आणि पापण्यांची सूज

सगळ्यात जास्त लोक याच गटात असतात, म्हणून इथे जरा सविस्तर. टाळू, भुवया आणि नाकाच्या कडा तेलकट, खपली निघणाऱ्या असतील आणि पापण्यांच्या कडा लालसर असतील, तर याला ब्लेफरायटिस म्हणतात. मधुमेहासारखाच हा आटोक्यात ठेवायचा आजार आहे, एका कोर्समध्ये संपणारा नाही. हे आधीच मान्य केलं की ड्रॉपमागून ड्रॉप बदलणं थांबतं.

शेक. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसता कामा नये. मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण ओलं कापड दोन मिनिटांत थंड होतं आणि उरलेला वेळ आपण नुसतं ओलं फडकं धरून बसतो. दोन कापडं घ्या, एक डोळ्यावर असताना दुसरं पाण्यात. ग्रंथींमध्ये घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला सलग ऊब लागते. तळहातावर बोट घासून रांजणवाडीला शेक द्यायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. शेकाची कल्पना बरोबर, पण ते बोट क्वचितच स्वच्छ असतं आणि ती ऊब क्षणभरच टिकते.

मालिश. शेकानंतर लगेच. वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने. हलका दाब, प्रत्येक पापणीवर पाच-सहा वेळा. बुबुळ दाबायचं नाही.

सफाई. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या कप पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब. कापसाची काडी त्यात बुडवून केसांच्या मुळाशी आडवी फिरवायची, प्रत्येक डोळ्याला नवी काडी. मग साध्या पाण्याने पुसायचं. शाम्पूने आग होत असेल तर यासाठीच्या तयार पुसण्या मेडिकलमध्ये मिळतात. महाग आहेत, पण प्रवासात सोयीच्या.

हे सगळं सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतर रोज एकदा. कंटाळा येतो, पण फरक यानेच पडतो.

सोबत डोक्यातला कोंडा आवरायला हवाच. दोन टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवून मग धुवायचा, डोळे मिटून. महिनाभराने कमी करता येतो. हा शाम्पू पापणीला लावायचा नाही. डोक्याला भरपूर तेल चोपडून कोंडा जातो हा समज सोडलेला बरा. कोंड्यामागची बुरशी त्वचेवरच्या तेलावरच जगते. आणि इंटरनेटवर वाचून टी ट्री ऑइल थेट पापणीला लावणारे लोक आहेत. कृपा करून लावू नका, बुबुळ भाजतं.

सूज असेपर्यंत काजळ आणि मस्कारा बंद. सूज उतरल्यावर नवी डबी घ्या. घरभर एकच काजळाची डबी फिरत असेल तर ती पद्धत कायमची मोडा.

एक सूचना पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. पापणीवरची गाठ एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तिथले केस गळले असतील किंवा एकाच डोळ्याची ‘सूज’ महिनोन्‌महिने उतरत नसेल, तर तिला रांजणवाडी म्हणून सोडून देऊ नका. पापणीच्या तैलग्रंथीचा कर्करोग असाच वेश घेऊन येतो आणि तो पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे अधिक आढळतो. गाठ काढली तर ती तपासणीला पाठवायला सांगा.

इसब: खाजेपेक्षा चोळणं वाईट

लहानपणापासून इसब, घरात दमा किंवा शिंकांची ॲलर्जी, आणि डोळ्यांच्या खाली दुहेरी घडी. अशा मुलांची पापणी जाड, काळसर, खवल्यांची होते आणि हात सतत डोळ्याकडे जातो. मुठीने डोळे चोळणारं मूल घरोघरी दिसतं, पण वर्षानुवर्षं चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. याला केराटोकोनस म्हणतात. चष्म्याचा तिरकस नंबर दर वर्षी वाढत असेल तर डॉक्टरांना कॉर्नियाचा नकाशा काढायला सांगा. वेळेत कळलं तर क्रॉसलिंकिंगने, म्हणजे कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराने, वाढ थांबवता येते.

घरी करण्यासारखं: खाज सुटली की थंड पाण्याची पट्टी, साधे कृत्रिम अश्रू फ्रिजमध्ये ठेवून घालणं, नखं कापलेली, रात्री पापणीभोवती साधी पेट्रोलियम जेली. पापणीसाठी डॉक्टर बहुधा टॅक्रोलिमसचं मलम किंवा अगदी सौम्य स्टिरॉइड थोड्या दिवसांसाठी देतात. अंगावरच्या इसबाचं तीव्र मलम तिथे चालत नाही. तीव्र इसबासाठी हल्ली डुपिलुमॅबचं इंजेक्शन देतात. त्यावर असताना डोळे लाल झाले तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. इंजेक्शन मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना कळवा.

ॲलर्जी: चोर शोधायची पद्धत

एकाएकी दोन्ही पापण्या सुजल्या, लाल झाल्या, खाज प्रचंड, पण डोळ्याच्या आत फारसं काही नाही. असं असेल तर पापणीला काय लागलं ते शोधा. गंमत अशी की गुन्हेगार पुष्कळदा पापणीला थेट लावलेलाच नसतो. केसांना लावलेला काळा डाय टाळूला काही करत नाही, पापणी मात्र फुगवतो. नखांना लावलेलं नेलपॉलिश बोटांना निरुपद्रवी, पण त्याच बोटांनी डोळा चोळला की झालं. कपाळाला लावलेला बाम घामाबरोबर खाली उतरतो.

1. मागच्या तीन दिवसांत काय नवीन वापरलं ते लिहून काढा: डाय, काळी मेंदी, क्रीम, कुंकू, टिकलीचा गोंद, चष्म्याची नवी फ्रेम, उशीच्या अभ्र्यासाठीचा साबण. डोळ्यात घालायचे ड्रॉपही यादीत धरा. निओमायसिन आणि ड्रॉपमधली प्रिझर्व्हेटिव्ह यांचीही ॲलर्जी होते.
2. सगळं एकदम बंद करा; डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप आणि स्टिरॉइड मात्र त्यांना विचारूनच. दोन ते तीन आठवडे फक्त पाणी आणि साधी जेली.
3. सूज उतरली की एकेक वस्तू परत आणा, दोन वस्तूंमध्ये निदान आठवडाभराचं अंतर ठेवून. ज्या डायने पापणी सुजली तो मात्र पुन्हा ‘करून बघायचा’ नाही. दुसऱ्या वेळी त्रास कितीतरी जास्त होतो.
4. तरीही उलगडा झाला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि मग पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही.

शेतात किंवा मोकळ्या माळावर काम करणाऱ्यांच्या यादीत एक नाव वरच लिहा: गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. 1950च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याचे सुकलेले बारीक कण हवेतून चेहऱ्यावर बसतात. पापण्या, गळा, कोपराच्या खोबणी जाड आणि काळ्या पडतात, आणि पुष्कळ शेतकरी ‘उन्हाची ॲलर्जी’ समजून वर्षं काढतात. ओळखायची खूण अशी: उन्हाने होणारा त्रास हनुवटीखाली, कानामागे आणि वरच्या पापणीच्या घडीत सहसा होत नाही, कारण तिथे सावली असते. गाजरगवताची धूळ मात्र या जागा सोडत नाही. खुरपणीला पूर्ण बाह्या, हातमोजे, गॉगल. घरी आल्याबरोबर अंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. फुलोऱ्याआधी उपटलेलं बरं.

बिब्ब्याचंही सांगून ठेवते. बिब्ब्याचं तेल हाताला लागलेलं असताना डोळ्याला हात गेला तर पापणी भाजल्यासारखी होते. पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच दाखवा.

नागीण कपाळावर आली तर

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेह बळावला, प्रतिकारशक्ती घटली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. ही नागीण. चेहऱ्यावरच्या मज्जातंतूची वरची फांदी टाळू, कपाळ, वरची पापणी आणि नाकाचा शेंडा यांना जोडते. तिची एक शाखा डोळ्याच्या आत जाते. म्हणून कमरेवरची नागीण आणि कपाळावरची नागीण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सुरुवातीला नुसती आग होते, केसांवरून कंगवा फिरवला तरी सहन होत नाही, आणि फोड दोन-तीन दिवसांनी येतात. फोड चेहऱ्याच्या मध्यरेषेपाशी थांबतात. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आला असेल तर डोळ्यात सूज येण्याची शक्यता बरीच वाढते. तिथे नसला म्हणून डोळा सुटला असं मात्र नाही.

करायचं काय? पहिला फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात: ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिर, किती नि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही सांगा. 72 तास उलटले असतील तरी जा. डोळ्याच्या बाबतीत उशिरा सुरू केलेलं औषधही द्यावं लागतं. आपल्याकडे नागीण म्हटलं की पहिली धाव उतरवणाऱ्याकडे असते. लेप, गेरू, मंत्र यांत तीन दिवस सहज जातात, आणि महत्त्वाचे नेमके तेच तीन दिवस असतात. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो ही भीती निराधार आहे. घरातल्या ज्येष्ठांशी वाद घालत बसू नका; आधी गोळी सुरू करा, मग त्यांना काय हवं ते करू दे, फक्त डोळ्याजवळ लेप नको.

फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं यांच्यापासून दूर राहायचं. फोड गेल्यावरही डोळ्याचा पाठपुरावा सोडायचा नाही. बुबुळाची संवेदना कमी झालेली असते, आतला दाब वाढू शकतो, आणि हे महिन्यांनीही होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी शिंग्रिक्स ही लस 2023पासून भारतात मिळते: दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. किंमत बरीच आहे, पण मधुमेही आई-वडिलांसाठी मी तरी ती डॉक्टरांशी बोलून विचारात घेतली असती.

कमी बोलले जाणारे

रोझेशिया म्हणजे गाल-नाकावरची लाली आणि पुळ्या. गोऱ्या कातडीवर ती उठून दिसते, आपल्या सावळ्या रंगात लपते, म्हणून मुरुम समजून उपचार चालतात. चेहरा गरम चहाने किंवा उन्हाने तापतो आणि डोळे सतत चुरचुरतात, असं एकत्र असेल तर विचारा. शेक आणि सफाई वरच्यासारखीच, सोबत डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते टाळतात.

सोरायसिससोबत सांधे किंवा कंबर आखडत असेल आणि डोळा लाल होऊन दुखत असेल, तर ती डोळ्याच्या आतली सूज असू शकते. ‘डोळे आलेत’ म्हणून सोडू नका. कोडामुळे पापणीचे केस पांढरे होणं यात सहसा धोका नाही. पण केस पांढरे होण्यासोबत कानात आवाज, डोकेदुखी आणि दोन्ही डोळ्यांची धूसर नजर असेल तर तातडीने दाखवा.

कुष्ठरोगाबद्दल आपण बोलायचं टाळतो. गडचिरोली, चंद्रपूर या भागांत नवे रुग्ण अजूनही सापडतात. चेहऱ्यावर बधिर चट्टा आणि तो लाल होऊन सुजला, तर पापणी मिटवणारा मज्जातंतू दुबळा होतो. झोपेत डोळा अर्धवट उघडा राहतो, बुबुळ बधिर असल्याने कचरा गेलेला कळतही नाही. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं, आणि मज्जातंतू नुकताच दुबळा झाला असेल तर तो सावरता येतो.

तान्ह्या बाळाच्या पापणीवर लाल-जांभळा जन्मखूणेचा डाग असेल तर त्या डोळ्याचा दाब लवकर तपासून घ्या. काचबिंदूचा धोका असतो.

घरातल्या ट्यूबा

आता सगळ्या ट्यूबा नि बाटल्या टेबलावर काढा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. गजकर्णाच्या मलमांत, गोरेपणाच्या क्रीममध्ये आणि डोळ्यांच्या ‘अँटिबायोटिक’ ड्रॉपमध्येही ते सापडेल. पापणीला आठवडेच्या आठवडे लागत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढतो, काहीही दुखत नाही, आणि कळतं तेव्हा काचबिंदूने कडेची नजर खाल्लेली असते. मोतीबिंदूही लवकर येतो. 2018मध्ये सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या मुलांच्या आयांना विशेष सांगणं: मागच्या वर्षीची बाटली यंदा परत आणू नका. आधीपासून स्टिरॉइड चालू असेल तर एकदम बंदही करू नका, दाब तपासून घ्या.

मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डोळे कोरडे पडतात, कॉन्टॅक्ट लेन्स टोचते, रात्री गाडी चालवताना कमी दिसू शकतं. ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षात पडद्याची तपासणी करायची आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. मूत्रपिंड कमकुवत असेल तर आधीपासूनच.

डॉक्टरांकडे जाताना

वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि बाटल्या पिशवीत घालून न्या, नावं सांगण्यापेक्षा ते सोपं. त्रास जास्त होता त्या दिवशीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मेकअप न करता जा, लेन्स काढून. गाडी स्वतः चालवत जाऊ नका, बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले तर तीन-चार तास धूसर दिसतं. कागदावर तीन ओळी पुरेत: डोळ्याचा त्रास कधीपासून, अंगावर त्वचेचं काय नि कुठे, कोणती औषधं किती दिवस. डोळ्याच्या डॉक्टरांना ‘डोळ्याचा दाब किती आला?’ आणि ‘हे त्वचेमुळे असेल का?’ हे दोन प्रश्न विचारा. त्वचेच्या डॉक्टरांना एकच: ‘हे मलम पापणीला चालेल का, आणि किती दिवस?’ उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण घरी येईपर्यंत ‘आठ दिवस’चं ‘बरं वाटेपर्यंत’ झालेलं असतं.